फूटपाथची कड, वाड्याचा उंबरठा आणि साधी व्हीलचेअर

नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे मिस्टर दुचाकीवरून पडले, पाठीच्या कण्याला मार लागला. कमरेखाली संवेदना नाही, हात मात्र दणकट आहेत. वजन ७० किलोच्या आसपास. शिबिरात मिळालेली घडीची लोखंडी व्हीलचेअर आहे. घरात ती छान चालते, पण बाहेर पडलं की फूटपाथची कड, खचलेले पेव्हर ब्लॉक, गटाराची जाळी आणि जुन्या नाशकातल्या सासरच्या वाड्याचा उंबरठा, सगळीकडे अडते. अंबडचा एक वेल्डर म्हणतो, पुढे स्कूटरची चाकं बसवू, मग खुर्ची कुठेही चढेल. ती बसवावीत का, की मोटर असलेलं काही घ्यावं, असं ताई विचारतात.

ताई, स्कूटरची चाकं बसवू नका. वेल्डरला मात्र सोडू नका, त्याच्याकडून करून घेण्यासारखी दुसरी कामं आहेत. व्हीलचेअर दुरुस्त करणं आणि ती बसणाऱ्याच्या मापाची करून देणं हेच माझं काम आहे, त्यामुळे जरा खोलात जाऊन सांगतो.

तुमच्याकडे जी खुर्ची आहे तिचा मूळ सांगाडा १९३०च्या दशकातला आहे. एव्हरेस्ट आणि जेनिंग्ज या दोन अमेरिकन अभियंत्यांनी तो बनवला. त्यातला एव्हरेस्ट स्वतः खाणीतल्या अपघातानंतर चालू शकत नव्हता. खुर्ची मोटारीत घडी करून ठेवता यावी म्हणून सीटखाली फुलीसारख्या दोन नळ्या आल्या. मागे २४ इंची मोठी चाकं, पुढे ८ इंची छोटी फिरती चाकं. फरशीवर आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात ही रचना उत्तम आहे. रस्त्यावर तिचं दुखणं एकच, ती पुढची छोटी चाकं. आपण जे काही करणार आहोत, मग ते वेल्डिंग असो, जोडणी असो वा हाताचं कसब, त्याचा हेतू एवढाच की अडथळा येईल तेव्हा त्या छोट्या चाकांवर भार नसावा.

आकड्यांत बघू. ५ सें.मी.ची कड चढायला ८ इंची चाकावर जितका भार असेल त्याच्या जवळपास पावणेदोन पट जोराने ते पुढे ढकलावं लागतं. १२ इंची चाक असेल तर भारापेक्षा थोडा जास्त जोर पुरतो. मागच्या २४ इंची चाकाला भाराच्या दोन तृतीयांश एवढाच लागतो. कडेची उंची चाकाच्या निम्म्या उंचीएवढी झाली की मात्र नुसतं ढकलून चाक चढतच नाही, कितीही दम लावा. म्हणजे ८ इंची चाकाला १० सें.मी.ची कड ही भिंतच, आणि १२ इंची चाकाला १५ सें.मी.ची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत फूटपाथची कड १५० मि.मी.पेक्षा उंच नसावी असं म्हटलं आहे, म्हणजे नियमात बसणारा फूटपाथसुद्धा यात अडकतो. स्कूटरचं १० इंची रिमचं चाक टायरसकट साधारण ४३ सें.मी. भरतं. तेवढ्या चाकालाही १५ सें.मी. चढायला भाराच्या तिप्पट जोर लागेल. शिवाय पावलांना जागा राहणार नाही, चाक गोल फिरायला जागा मिळणार नाही आणि खुर्ची कित्येक किलोंनी जड होईल. इतकं करून कड चढणार नाहीच.

आता भाराकडे या. शिबिरातल्या खुर्चीत मागच्या चाकांचा आस, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो दांडा, पाठीच्या नळीच्या सरळ खाली असतो. त्यामुळे माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो धरले तर त्यातला ४० टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या छोट्या चाकांवर पडतो. रचना मुद्दाम तशी आहे, कारण खुर्ची मागे उलटू नये हा दवाखान्याचा पहिला विचार असतो. मागचा आस ५ सें.मी. पुढे सरकवला की पुढचा भार ३० टक्क्यांच्या जवळ येतो. तेवढ्याने खुर्ची हाताला एकदम हलकी लागते आणि पुढची चाकं उचलणं जमू लागतं. माझ्या मते या खुर्चीवर करण्यासारखा सगळ्यात मोलाचा बदल हाच आहे. लोक मात्र पुढच्या चाकाकडेच बघत राहतात.

वेल्डरला हे काम द्या. ५ किंवा ६ मि.मी. जाडीच्या लोखंडी पट्टीच्या दोन सारख्या प्लेटा, प्रत्येकीत आसाच्या मापाची तीन-चार भोकं, अडीच-अडीच सें.मी. अंतरावर. दोन्ही प्लेटा एकत्र धरून एकदमच ड्रिल मारायला सांगा, म्हणजे डावं-उजवं जुळेल. दोन्ही चाकं समांतर राहिली नाहीत तर खुर्ची कायम एका बाजूला ओढेल आणि एक खांदा विनाकारण दुखत राहील. प्लेट नळीला यू-बोल्ट किंवा क्लॅम्पने आवळायची, नळीला भोक पाडायचं नाही. त्या नळीचा पत्रा अगदी पातळ असतो. साध्या आर्क वेल्डिंगने त्याला भोक पडतं, आणि भोक नाही पडलं तरी टाक्याच्या शेजारी नळी कमजोर होऊन काही महिन्यांनी तिथेच मोडते. वेल्डिंग टाळता येणारच नसेल तर आधी क्रोमचा थर घासून काढायला लावा, कारण त्याचा धूर विषारी असतो आणि वरचा टाकाही पक्का बसत नाही. सीटखालच्या फुलीच्या सांध्याला कोणालाही हात लावू देऊ नका. पुढे कधी ॲल्युमिनियमची खुर्ची आली तर तिला वेल्डिंग पूर्ण वर्ज्य.

आस पुढे गेला की ब्रेकही तेवढाच पुढे घ्यावा लागतो. ही गोष्ट हमखास राहून जाते आणि मग ब्रेक टायरला अर्धवट टेकतो. सुरुवातीला पहिल्याच भोकात, म्हणजे अडीच सें.मी.वर थांबा. महिनाभर सवय होऊ द्या, मग पुढचं भोक. खुर्ची आता मागे सहज झुकेल, म्हणून मागे उलटू न देणाऱ्या दोन छोट्या चाकांच्या दांड्या लावून घ्या. त्या वर वळवता येणाऱ्या हव्यात, नाहीतर कड चढताना त्याच आड येतात. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी दोन्ही पाय मांडीतून कापलेलं माणूस असेल तर त्यांनी यातलं काही करू नये. पायांचं वजन नसल्यामुळे त्यांचा भार आधीच मागे असतो, त्यांच्या खुर्चीचा आस उलट मागे न्यावा लागतो.

मग पुढची चाकं. अरुंद, कडक रबराची असतील तर ती काढून त्याच उंचीची पण रुंद, हवेची बसवा. ८ इंच उंच आणि २ इंच रुंद, म्हणजे बाजारात २०० × ५० म्हणतात ते माप. जाळीत अडकणं, मुरुमात रुतणं आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीत फिरून आडवं होणं, हे तिन्ही त्रास यातच बरेच कमी होतात. पण चाक धरणारा फोर्क तेवढा रुंद हवा आणि चाक पूर्ण गोल फिरताना टाचेला लागत नाही ना ते बघायला हवं. त्याहून मोठं चाक घातलं तर खुर्चीचं नाक वर होतं. चाक २ इंचांनी वाढलं तर सीट साडेतीन अंशांच्या आसपास मागे कलते. फिरत्या चाकाचा उभा खिळाही तिरपा होतो आणि वेगात चाक थरथरायला लागतं. म्हणून त्याच मापात राहा.

या बाबतीत राल्फ हॉचकिस या माणसाचं काम माहीत असावं. १९६६ साली कॉलेजात असताना मोटरसायकलच्या अपघातात त्यांचे पाय लुळे पडले. पुढे इंजिनियर म्हणून त्यांनी सायकलच्या दुकानात मिळणाऱ्या सामानातून बनणाऱ्या, खडबडीत रस्त्यावर टिकणाऱ्या खुर्च्या घडवल्या. त्यांच्या रफरायडर खुर्चीत दोन गोष्टी ठळक आहेत, पुढचं चाक रुंद, लवचिक रबराचं आणि ते बरंच पुढे बसवलेलं. चाक पुढे गेल्याने दगडाला ठेचकाळून माणूस तोंडावर पडत नाही आणि चाकावरचा भारही घटतो. आपल्या फुलीच्या खुर्चीत पायांमुळे चाक तेवढं पुढे नेता येत नाही, पण विचार तोच.

मागच्या टायरबद्दल एक सावधगिरी. नाशिकला सायकलचं वेड आहे, सामान मुबलक मिळतं, म्हणून लोक मुलांच्या २४ इंची गिअर सायकलचे जाड टायर आणतात आणि ते बसत नाहीत. व्हीलचेअरचं नेहमीचं रिम ५४० मि.मी.चं असतं, त्या सायकलचं ५०७. दोन्हींवर '२४' लिहिलेलं असतं, म्हणून घोटाळा होतो. जाड टायर हवाच असेल तर अख्खं चाक बदलावं लागतं आणि हाताने फिरवायची रिंग त्यावर नव्याने बसवावी लागते. बाहेरून उंची जवळपास तेवढीच राहते, त्यामुळे बाकी मापं बिघडत नाहीत. टायर फ्रेमला घासत नाही ना आणि दारातून खुर्ची जाते ना, एवढं बघा.

इतकं सगळं करूनही १५ सें.मी.ची कड खुर्ची आपसूक चढणार नाही. ती तंत्राने चढायची, आणि ते शिकायला पैसे लागत नाहीत. ताई, तुम्ही एकट्या असताना उलटं चढवणं सगळ्यात सोपं. भरलेली लोटगाडी पायरीवर घेताना माणूस ती फिरवून मोठी चाकं आधी घेतो, तसंच. खुर्चीची पाठ फूटपाथकडे करा, दोन्ही मोठी चाकं कडेला एकाच वेळी टेकवा. तुम्ही वर उभ्या राहा. खुर्ची मागे कलवा, इतकी की तुमच्या हातात वजन जवळजवळ जाणवणार नाही. पाठ ताठ, गुडघे वाकवलेले, आणि पायांच्या जोरावर मागे ओढा. त्याच क्षणी मिस्टरांनी दोन्ही रिंगा मागे फिरवायच्या. त्यांचे हात दणकट आहेत, त्यामुळे निम्मं काम तेच करतील. चाकं वर आली म्हणून खुर्ची लगेच सरळ करू नका, छोटी चाकं कडेच्या आत येईपर्यंत ती कललेलीच मागे न्या.

उतरतानाही पाठ रस्त्याकडे. आधी गाड्या बघा, कारण तुमची पाठ वाहतुकीला असते. तुम्ही खाली उतरा, मांडी खुर्चीच्या पाठीला टेकवा आणि दोन्ही मोठी चाकं एकाच वेळी हळू उतरू द्या. एक चाक आधी उतरलं तर खुर्ची आडवी होते. मग छोटी चाकं अधांतरी ठेवून मागे या, फूटरेस्ट कडेतून सुटले की खाली ठेवा. रस्त्यावर मदतीला येणारा माणूस नेमका आर्मरेस्ट किंवा फूटरेस्ट धरून उचलतो आणि ते हातात निघून येतात. त्याला आधीच सांगा, पुढची उभी नळी धर. ओटीपोटावरून पट्टा आणि पिंडऱ्यांमागून आडवी पट्टी, या दोन गोष्टी लावल्याशिवाय घराबाहेर पडू नका. पाऊल फूटरेस्टवरून घसरून चाकाखाली गेलं तरी त्यांना ते कळणार नाही.

मिस्टरांना स्वतःला पुढची चाकं उचलून मागच्या दोन चाकांवर तोल धरता येईल. ते शिकलेच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण त्यानंतर छोट्या कडा, खड्डे आणि जाळ्या यांसाठी त्यांना कोणाची वाट बघावी लागत नाही. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या डॉ. ली किर्बी यांच्या पथकाने व्हीलचेअर चालवण्याच्या कौशल्यांचा शिस्तशीर अभ्यासक्रम तयार केला आहे आणि तो इंटरनेटवर मोफत आहे. सराव फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, जाड सतरंजीवर किंवा हिरवळीवर करा. खुर्चीच्या मागच्या नळीला मजबूत पट्टा बांधून तो मागच्या माणसाने सैल धरायचा, खुर्ची मागे गेली की तो ताणला जातो आणि डोकं वाचतं. आधी नुसती चाकं उचलणं, मग तोल, मग बारीकशी पट्टी, मग ५ सें.मी. तिथपर्यंत बहुतेकांची मजल जाते. १५ सें.मी.ची कड एकट्याने झेप घेऊन चढणारेही आहेत, पण त्यांच्या खुर्च्या हलक्या आणि अंगाच्या मापाच्या असतात. जड लोखंडी खुर्चीवर तो हट्ट धरू नका, खांदे जातात. पाय गेलेल्या माणसाचे खांदे हेच त्याचे पाय असतात.

जोडण्यांपैकी तुमच्या कामाची एक आहे. फूटरेस्टपुढे १२ इंचाचं किंवा त्याहून मोठं एकच चाक लावायचं, ते लावलं की दोन्ही छोटी चाकं जमिनीपासून थोडी उचलली जातात आणि खुर्ची तीनचाकी होते. परदेशात फ्रीव्हील नावाने अशी जोडणी मिळते. कच्चा रस्ता, गतिरोधक, मुरूम, फुटलेले ब्लॉक यांवर फरक लगेच जाणवतो. अडचण एवढीच की ती एकसंध, ताठ फूटरेस्टसाठी आहे. तुमच्या खुर्चीचे दोन सुटे फूटरेस्ट पिळवटतील. दोन्ही पुढच्या नळ्यांना क्लॅम्पने धरणारी एक आडवी नळी बनवून तिच्यावर चाक बसवलं तर जमतं. ही आडवी नळी काढता येणारी हवी, नाहीतर घडी होणार नाही. अंबड-सातपूरच्या चांगल्या फॅब्रिकेटरला हे अवघड नाही.

मोटरची जोडणी हा पुढचा टप्पा. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशन कंपनीची निओफ्लाय खुर्ची आणि तिला पुढे जोडायचं निओबोल्ट हे भारतातलं नावाजलेलं उदाहरण. लांब अंतर स्वतः कापायचं असेल, कामावर जायचं असेल, तर विचार जरूर करा. पण कड चढण्यासाठी म्हणून मोटर घेऊ नका. पुढच्या चाकावर भार कमी असल्याने ओल्या चढावर ते जागच्या जागी फिरतं, आणि १५ सें.मी.ची कड त्याच्याही आवाक्यात नाही. शिबिरातल्या लोखंडी खुर्चीला इंटरनेटवरून मागवलेली कुठलीही मोटर लावणं तर मी कधीच सुचवणार नाही. ती फ्रेम त्या वेगासाठी नाही.

वाड्याचा उंबरठा तोडायला लावू नका, सासूबाई रोज त्यावर हळदीकुंकू वाहत असतील. दोन्ही बाजूंना सुट्या पाचरी बनवा. नियमाप्रमाणे उतार १:१२ हवा, म्हणजे १० सें.मी.च्या उंबरठ्याला दोन्हीकडे १.२ मीटर. तेवढी जागा वाड्याच्या ओसरीत क्वचितच असते. मागे माणूस असेल तर एवढ्या छोट्या उंचीला ६० सें.मी.ची पाचर मी चालवून घेतो, मात्र एकट्याने त्यावरून जायचं नाही. १८ मि.मी.चं मरीन प्लाय, खाली तीन आडवे टेकू, रंग ओला असताना वर बारीक वाळू भुरभुरलेली. कडेला दोन बोटं उंचीची पट्टी लावा म्हणजे चाक बाहेर जाणार नाही. खालच्या टोकाला पातळ पत्रा लावा, नाहीतर प्लायची जाडी हाच नवा उंबरठा होतो. आधी दाराची रुंदी मोजा. खुर्ची बाहेरून ६५ सें.मी.च्या आसपास असते आणि जुन्या वाड्यांची आतली दारं त्याहून अरुंद निघतात.

गोदाघाटाच्या पायऱ्यांसाठी खुर्चीत काही बदल करायला जाऊ नका. तिथे दोन-तीन माणसं आणि वरच्या सपाट भागातून दर्शन एवढंच सुरक्षित आहे, पावसाळ्यात शेवाळ असताना तर तेही विचार करूनच.

फूटपाथचं काम खरं तर खुर्चीचं नाहीच. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा आहे. २०२१च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत उतारांची मापं दिली आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना विनाअडथळा वावरता येण्याचे, किमान निकष नुसते शिफारस म्हणून न ठेवता बंधनकारक करा असं सरकारला सांगितलं. २०२७च्या सिंहस्थासाठी नाशकात रस्त्यांची कामं निघत आहेत. कड एकदा काँक्रीटमध्ये बसली की पुढची कैक वर्षं कोणी तोडत नाही. म्हणून तुमच्या रोजच्या वाटेवरच्या ज्या दोन-तीन जागा अडतात त्यांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. काम सुरू व्हायच्या आत महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 'रॅम्प करा' एवढंच लिहू नका. उतार १:१२, खाली रस्त्याशी जोड सपाट, तोंडाशी खांब किंवा दुचाकी नको, असं लिहा. मोघम अर्जाला मोघमच उत्तर मिळतं.

वेल्डरकडे जाताना नुसती खुर्ची पाठवू नका, मिस्टरांनाही न्या. रिकाम्या खुर्चीवर घेतलेली मापं माणूस बसला की बदलतात. आस बसवून झाला की त्यांना बसवून तिथेच पट्टा धरून खुर्ची मागे कलवून बघा, ब्रेक तपासा, दहा-वीस फूट सरळ ढकलून ती एका बाजूला ओढते का ते बघा. पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा आवळा, नवे क्लॅम्प एकदा तरी सैल होतातच. त्या रात्री त्यांची बैठकीची जागा, माकडहाड आणि टाचा नीट बघा. सीटचा कल बदलला की दाबाची जागाही बदलते आणि त्यांना ते जाणवणार नाही. लालसर डाग दिसला आणि दाब काढल्यावर अर्ध्या तासात गेला नाही, तर डाग जाईपर्यंत खुर्चीत बसवू नका, डॉक्टरांना दाखवा आणि आस एक भोक मागे घ्या.